खेकड्यांवरचा आळ

काकांच्या तळ्यातलं मुरलेलं खारं पाणी एका सकाळी सगळंच्या सगळं खाडीला परत गेलं, तेव्हा घरच्यांनी आधी नशिबाला दोष दिला, मग ढगांना, आणि शेवटी एकमताने खेकड्यांना. खेकड्यांच्या बाजूने बोलायला कोणी नव्हतं.

आमचं घर मिठाचं. तात्या आणि काका, दोघे सख्खे भाऊ, मालकाच्या आगरात आजोबांपासून मीठ पिकवायचे. खाडीच्या बांधाला लागून दोन तळी, एक आमचं, एक काकांचं. दोन्ही तळ्यांना खाडीकडे एकेक उघाडी. उघाडी म्हणजे बांधातली वाट आणि तिच्यात उभी बसवलेली लाकडी फळी. भरतीला फळी वर करायची, पाणी आत घ्यायचं, फळी खाली सोडायची आणि बुडाशी चिकणमाती थापून वाट बंद करायची. मग ते पाणी उन्हात तापत, दाट होत, एका वाफ्यातून दुसऱ्यात उतरत शेवटी मीठ होतं. माती नीट थापली नाही तर ओहोटीला पाणी झिरपून जातं, आणि माणूस पुढचा पंधरवडा कोरड्या तळ्याकडे बघत बसतो.

उघाड्या दोन असल्या तरी चारही हात दोन्हींचे समजायचे. जो जवळ असेल त्याने दोन्ही फळ्या काढायच्या, दोन्ही लावायच्या. कोणाची कोणती, हा हिशेब आमच्याकडे नव्हता. काकू म्हणायची, आपल्याकडे भांडायला काही शिल्लकच ठेवलं नाही सासऱ्यांनी.

ते शिल्लक मालकाने पुरवलं. त्या वर्षी ऊन पडायच्या दिवसांत आभाळ भरून यायला लागलं, खाडीचं तोंड गाळाने बुजत चाललं, मोठ्या भरतीशिवाय पाणी चढेना. मालक गाडीतून आला, काच अर्धी खाली केली आणि सांगून गेला की दोन घरं पोसणं आता परवडत नाही. हंगामाच्या शेवटी ज्याची रास मोठी, त्याच्याकडे सगळं आगर. दुसऱ्याने आपलं बघावं. एवढं बोलून त्याने काच वर केली, कारण आत गारवा होता.

त्यानंतर काही दिवसांनीच काकांचं तळं कोरडं झालं. फळी जागच्या जागी होती, बुडाची माती तेवढी नव्हती. काका कंबरेवर हात ठेवून उभे राहिले. मग खाली बसून त्यांनी त्या मोकळ्या जागेत हात घालून पाहिला, जसा डॉक्टर आपल्याच माणसाच्या तोंडात बघतो. तात्या पाठीमागे येऊन म्हणाले, खेकड्यांनी पोखरलं. आणि असं म्हणून त्यांनी एक खेकडा दाखवलाही. तो बिचारा बांधावरून आपल्या कामाला चालला होता.

पुढे आठवडाभर मला खेकडे मारायच्या कामाला लावलं. मी फावडं घेऊन बांधावर फिरायचो. बिळात काठी घालायची, खेकडा बाहेर आला की त्याच्याकडे कबुली मागितल्यासारखं बघायचं आणि मग शिक्षा. काकांचा मुलगा, ज्याला सगळे बोका म्हणायचे, तो माझ्याबरोबर असायचा. पण तो मारायचा नाही, नुसता माझ्याकडे बघत राहायचा. एके दिवशी चहाच्या टपरीवर चारचौघांत तो म्हणाला की खेकड्याला माती काढता येते, पण काढलेली माती खाडीत नेऊन टाकता येत नाही. तिथे बांधावर एक ढेकूळ पडलेलं नाही. तेव्हा हा खेकडा दोन पायांचा आहे आणि आपल्या घरात जेवतो.

मी मिठाची टोपली त्याच्या डोक्यावर मारली. त्याने माझा डावा कान चावला. लोकांनी आम्हाला सोडवलं तेव्हा कानाची पाळी माझ्याकडे होती, पण सगळी नव्हती. त्यात मीठ गेलं होतं. मिठाच्या माणसाला मीठ झोंबत नाही अशी एक म्हण असायला हवी होती. ती नाही, कारण झोंबतं.

घरी तात्यांनी स्वतः जखम धुतली. त्यांचा डावा खांदा जखडलेला, हात वर जात नाही, म्हणून मला खाली बसवून ते वाकले. दर दोन शब्दांना घसा खाकरायची त्यांची सवय. खाकरत म्हणाले, "बापाच्या बाजूने उभा राहिलास. कानाचं काय, केसांनी झाकतो." मला आतून इतकं बरं वाटलं की मी दुसरा कानही देऊ केला असता. आई मात्र चुलीपाशी बसून तांदळातले खडे काढत होती. त्या तांदळात खडे नव्हते.

त्या संध्याकाळी काका दारात येऊन उभे राहिले. बोक्याच्या वतीने माफी मागितली. मग तात्यांना फक्त एवढंच विचारलं की दादा, तुझा काही हात नाही ना. तात्यांनी पोरांची शपथ घेतली. शपथेत मी आणि माझी धाकटी बहीण असे दोघे होतो, आणि दोघे तिथेच होतो. काका म्हणाले, झालं तर मग. आणि चपला घालून गेले.

आता धाकटीचं सांगायला हवं. ती शाळेत शेवटच्या वर्गात होती आणि तिला एक जुनं नाटक होतं. होतं म्हणजे अभ्यासाला. पाच अंकी, सगळं पद्यात. दोन राजपुत्र भाऊ, एक किल्ला, वेढा पडलेला, आणि एक भाऊ शत्रूसाठी दरवाजा उघडतो, हे मला कळायला महिना गेला. कारण ती वाफ्यात मीठ ओढता ओढता ते पाठ करायची आणि मी शेजारच्या वाफ्यात. शेवटच्या अंकात बेड्या घातलेला थोरला भाऊ फितूर भावाला म्हणतो:

द्वार कोणी उघडिले, हे न पुसे मी;
उघडितां, बंधो, स्मरलो का तुज मी?

मी तिला म्हणायचो, हा माणूस बेड्यांमुळे नाही, भाषेमुळे हरला. ओरडला असता 'दार लाव' म्हणून, तर किल्ला वाचला असता. ती मीठ ओढायचं दाताळं आपटायची आणि पुन्हा पहिल्या अंकापासून सुरू करायची.

आधीची तीन वर्षं त्या नाटकात वर्गच्या वर्ग नापास झाला होता. म्हणून शाळेने नव्या बाई आणल्या. बाई तरुण, चष्मा डोक्यावर आणि शोधायच्या टेबलावर. त्यांनी पहिल्याच तासाला सांगितलं की हे नाटक जुनं नाही, तुम्ही त्याला जुन्या कपड्यात बघताय. तलवारी काढा, मुकुट काढा. किल्ल्याचा दरवाजा म्हणजे तुमच्या घरातलं काय, ते सांगा. एकाने सांगितलं फ्रिज. एकीने सांगितलं, ताईच्या मोबाईलचं कुलूप. एक मुलगा म्हणाला आमच्याकडे दरवाजाच नाही, पडदा आहे. त्यावर बाईंनी त्याला फार मोठा विचार केल्याबद्दल शाबासकी दिली. धाकटी म्हणाली, उघाडी.

बाईंना ती पटली. सगळं गाव मिठाचं, बघणारे मिठाचे. ठरलं की वर्षाअखेरच्या कार्यक्रमात नाटकाचा शेवटचा भाग करायचा, पद्य तसंच ठेवायचं, पण किल्ल्याच्या जागी बांध आणि दरवाजाच्या जागी फळी. फितूर भावाचं काम धाकटीला मिळालं, कारण मुलांपैकी कोणालाच फितूर व्हायचं नव्हतं.

ती घरी येऊन आनंदाने सगळं सांगायची. बाईंनी म्हणे तिला एक गोष्ट बजावून सांगितली होती. फितूर माणूस मिशीला पीळ देत येत नाही. तो रोजचं काम करावं तसंच करतो. म्हणून डोळे मिटा आणि घरातलं सगळ्यात मन लावून काम करणारं माणूस आठवा. तेच करा.

"मग तू कोण आठवलंस?" तात्यांनी खाकरत विचारलं होतं.

ती म्हणाली, ते तेव्हाच बघा. तात्या हसले. मी मनात म्हटलं, मी नसणार हे नक्की.

फळी खरीच हवी, पुठ्ठ्याची नको, असा बाईंचा हट्ट होता. आमची फळी पाण्यात होती. काकांची मोकळीच होती, नवं पाणी घेऊन मुरवायला हंगाम उरला नव्हता. कोरड्या तळ्याला फळी काय करायची? धाकटी मागायला गेली तेव्हा काकांनी ती स्वतः खांद्यावर घेऊन शाळेपर्यंत पोचवली. तळाशी चिखल वाळलेला होता तो खरवडायला बाई निघाल्या, तर काका म्हणाले, असू द्या, खरं दिसेल. पुतणीच्या नाटकाला आपण पुढच्या रांगेत बसणार असंही सांगून आले. धाकटीला त्यांनीच लहानपणी बांधावरून चालायला शिकवलं होतं.

कार्यक्रम शाळेच्या अंगणात, दिवस कलताना. पहिल्या रांगेत मधोमध मालक, प्रमुख पाहुणा म्हणून सोफ्यावर. त्याच्या एका बाजूला तात्या, कारण तोपर्यंत आमची रास मोठी झाली होती आणि सगळ्यांना कळून चुकलं होतं. दुसऱ्या बाजूला काका, काकू, बोका. मी पाठीमागे उभा होतो, कान केसांनी झाकून.

आधी फ्रिजवाल्याने वेढा पडल्याचं सांगितलं. मग पडदेवाला मुलगा थोरला भाऊ म्हणून झोपी गेला. झोपताना त्याने घोरून दाखवलं, लोक हसले. मग धाकटी आली. धोतर खोचलेलं, डोक्याला फडकं. ती मंचावर दोन पावलं चालली मात्र, आणि मागून कोणीतरी म्हणालं, अरे हे तर तात्या.

आणि खरंच तात्याच. डावा खांदा जखडलेला, मान तिकडेच किंचित कललेली. तिने दर दोन पावलांवर घसा खाकरला. लोक हसायला लागले. तात्यासुद्धा हसले; शेजाऱ्याकडे वळून बघितलं, लेक आहे माझी, अशा नजरेने. मालकाने टाळी वाजवली. ती फळीपाशी गेली. उजवा गुडघा टेकला, डावा हात पोटाशी धरला आणि उजव्या हाताने फळीच्या बुडाची माती उकरून दोन पायांमधून मागे टाकायला लागली, कुत्रं उकरतं तशी. हसू आणखी वाढलं. तिथवर ते काम सगळ्यांच्या ओळखीचं होतं. जुनी माती काढायची, नवी थापायची, सगळेच करतात.

पण तिने नवी माती थापली नाही. काढलेली माती गोणपाटात गोळा केली, काठावर नेऊन खाडीत टाकल्यासारखी केली. ते गोणपाट बादलीतल्या पाण्यात बुडवलं, पिळलं. आणि मग पाठमोरी, वाकून, एकेक पाऊल मागे टाकत, त्या ओल्या गोणपाटाने स्वतःच्या पायांचे ठसे पुसत पुसत मंचाच्या कडेपर्यंत गेली. मन लावून. एकही ठसा राहिला नाही. शेवटी उभी राहून तिने खाकरलं.

हसू एकदम थांबलं नाही. पाणी झिरपून जातं तसं ते पुढच्या रांगेपासून मागे मागे कमी होत गेलं. शेवटी फक्त मालक हसत होता, कारण त्याने आयुष्यात कधी फळी लावली नव्हती.

तात्या उठले. त्यांची खुर्ची प्लास्टिकची आणि माप लहान, त्यामुळे खुर्चीही त्यांच्याबरोबर उठली. तशीच चार पावलं ते चालले, मग ती आपोआप पडली. कोणी उचलली नाही. काका जागचे हलले नाहीत. ते मंचावरच्या फळीकडे बघत होते. स्वतःच्या.

मंचावर कोणालाच काही कळलं नव्हतं. पडदेवाला मुलगा उठला, त्याला दोरीच्या बेड्या घातल्या, आणि त्याने ते दोन चरण म्हटले. द्वार कोणी उघडिले, हे न पुसे मी. मला महिनाभर जे कळलं नव्हतं, ते एवढ्या लोकांना एकदम कळलं. निरक्षर म्हाताऱ्यांनासुद्धा. माझा कान ठणकायला लागला, इतके दिवस झाले होते तरी.

बाई विंगेतून धावत आल्या. डोळ्यांत पाणी. जुन्या नाटकाला इतकी शांतता त्यांनी कधी पाहिली नव्हती. त्या धाकटीला मिठी मारून म्हणाल्या की बघ, मी म्हणत होते ना, हे आजचंच आहे.

घरी तात्या भिंतीकडे तोंड करून बसले होते. धाकटी अजून त्या धोतरातच होती. तिला वाटलं खुर्चीमुळे रागावले. मग मी विचारलं की हे तू कुठे पाहिलंस. तिने सांगितलं, शाळेत जाताना, बांधावरून, सकाळी. काकांच्या उघाडीवर तात्या माती बदलत होते. तिला उशीर झालेला, म्हणून हाक मारली नाही. वळणावर मागे वळून पाहिलं तर गोणपाटाने पुसत चालले होते.

"तुला काही वाटलं नाही?" मी म्हटलं.

"वाटलं ना," ती म्हणाली. "आपले तात्या किती स्वच्छ काम करतात, असं वाटलं. दुसऱ्याचं असूनसुद्धा."

आणि तळं रिकामं झाल्यावर? तेव्हा तिने खेकड्यांचं ऐकलं होतं. तात्यांनी सांगितलं होतं म्हटल्यावर खेकडेच. बोलता बोलता ती मध्येच थांबली. तिने माझ्या आणि आईच्या तोंडाकडे, मग तात्यांच्या पाठीकडे पाहिलं, आणि डोक्याचं फडकं हळूहळू सोडायला लागली.

तात्या भिंतीशीच बोलले. "मालकासमोर," ते म्हणाले. "पोटच्या पोरीने दगा दिला."

आईने तांदळाचं सूप खाली ठेवलं. त्या वर्षात ती पहिल्यांदा मोठ्याने बोलली, तेही एकच वाक्य. "दगा कुणी दिला ते सगळ्या गावाने पाहिलं, आता झोपा." बाहेर अजून उजेड होता. तरी तात्या आडवे झाले.

मला वाटलं होतं, मालक आता काकांना आगर देईल. नाटकात तसं असतं. शेवटी कोणीतरी मोठा माणूस येऊन निवाडा करतो. मालक आला, काच अर्धी खाली केली. त्याला कोणीतरी सगळं समजावून सांगितलं होतं. तो म्हणाला, रास मोठी कोणाची, एवढंच माझं बोलणं होतं. वर म्हणाला, माणूस हुशार आहे. मग काच वर गेली. सगळं आगर आम्हाला मिळालं.

मी बोक्याकडे गेलो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. तो सामान बांधत होता. त्यांना बर्फाच्या कारखान्यात काम मिळालं होतं, लाद्या वाहायचं. त्याने माझ्या कानाकडे पाहिलं आणि म्हणाला, "दुखतो?" मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, तुझ्या बापाचा चावायला पाहिजे होता, पण तू मध्ये आलास. आम्ही दोघे हसलो. ते हसणं फार टिकलं नाही. मग मी त्याला पेटी उचलू लागलो.

जायच्या दिवशी काका फळी घेऊन आले. शाळेतून आणलेली, तळाला अजून तोच वाळलेला चिखल. आगर आता आमचं, तेव्हा फळीही आमचीच. तात्या बांधावर होते, मी खाली वाफ्यात पायाने चिखल तुडवत होतो. काकांनी फळी उघाडीत बसवली. खाली बसून बुडाशी नवी माती थापली, नेहमीसारखी, तळहाताने दाबून, अंगठ्याने कड ओढून. कोरड्या तळ्याला. हात खाडीत धुतले आणि पंच्याला पुसले.

मग म्हणाले, "दादा, कोणी उघडलं ते मी विचारत नाही."

तात्यांनी खाकरलं.

"माती काढत होतास ना, तेव्हा माझी आठवण झाली होती का?"

मी चिखलात पाय तसाच ठेवून उभा राहिलो. तात्यांनी नाही म्हणावं, असं मला वाटत होतं. एवढी खोटी शपथ घेतली, आमच्या दोघांच्या गळ्याची. आणखी एक खोटं बोलायला काय हरकत होती. डोकं ठिकाणावर नव्हतं, काही सुचत नव्हतं, असं काहीही. माणसाला पुढे जगता येईल असं काहीही.

तात्या खाडीकडे बघत म्हणाले, "झाली होती."

काकांनी मान हलवली. खांद्यावर पंचा टाकला आणि बांधावरून निघाले. ओल्या मातीत त्यांची पावलं उमटत गेली, सरळ, वळणापर्यंत.

धाकटीला परीक्षेत त्याच ओळींवर प्रश्न आला, आजच्या काळातलं महत्त्व सांगा. तिला पैकीच्या पैकी मिळाले. गुणपत्रिका तिने घरात कोणाला दाखवली नाही. आईला बाईंकडून कळलं. धाकटी आता आमच्या बांधावरून जात नाही, मोठ्या रस्त्याने वळसा घालून जाते. तात्यांशी बोलते, पण पाणी देऊ का, जेवायला वाढू का, एवढंच.

दोन्ही तळी आता मी बघतो. दोन्ही फळ्या मीच लावतो. रोज संध्याकाळी परत आलो की तात्या विचारतात, माती नीट थापलीस ना, दोन्हीकडे? मी म्हणतो, थापली. ते खाकरतात, चपला शोधतात, आणि स्वतः जाऊन बघून येतात.